फळ्यांवर झोपणारे सर

परीक्षा जवळ आली की सरांचा पलंग आखूड व्हायचा. मुलांची परीक्षा आणि सरांचा पलंग यांचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं होतं.

उमेळे गावात त्यांच्या केळीच्या वाडीच्या टोकाला पत्र्याची एक शेड होती. तिथंच कराटेचा क्लास, तिथंच घर. एका कोपऱ्यात आंब्याच्या लाकडाच्या फळ्या विटांसारख्या एकावर एक रचून सरांनी झोपायची जागा केली होती. फळी साधारण हातभर लांब, पाऊण इंच जाड. त्यावर एक गोधडी. मुलांची पट्ट्याची परीक्षा आली की फळ्या याच पलंगातून निघायच्या, मुलांच्या हातापायांनी फुटायच्या आणि तुकडे चुलीत जायचे. मग सर पाय पोटाशी घेऊन झोपायचे. "यंदा पोरं फार पास झाली," ते कुरकुरायचे, "गुडघे धरलेत माझे." पुढं वखारीतून नव्या फळ्या आल्या की पलंग पुन्हा लांब व्हायचा आणि सर ताठ चालायला लागायचे.

उशाला मात्र पाच फळ्या कायमच्या असत. परीक्षा कितीही मोठी असो, त्यांना हात लावायची कुणाची टाप नव्हती.

"झोपायला खाट का नाही घेत?" मी एकदा म्हटलं.

"अंगाची ऊब लागते हो त्यांना. आपली हवा खारी. फळी पानी पिते." एरवी आमच्याशी ते शहरी मराठी बोलायचे, पण पाण्याचं नेहमी पानीच व्हायचं.

त्यांच्या घरी आईच्या काळापर्यंत सुकेळी व्हायची. केळी सोलून उन्हात वाळवायची, रोज संध्याकाळी आत घ्यायची, पुन्हा सकाळी बाहेर. सर फळ्यांचं तसंच करायचे. सकाळी वाडीत उन्हाला मांडायच्या, मध्ये एकदा कुशीवर वळवायच्या आणि ऊन उतरायच्या आत उचलून त्यांवर केळीची सुकी पानं टाकायची. एका फळीवर एकदा पाऊस पडला, तर आख्खा दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. मला त्यांचं हसू यायचं. आता त्या हसण्याचं नवल वाटतं.

नव्वदच्या दशकात आम्ही परळची खोली सोडून इकडे फ्लॅट घेतला. वर टँकरचं पाणी, खाली बांधकामाची खडी आणि खिडकीतून दिसणाऱ्या केळी, ज्या दर वर्षी थोड्या कमी होत होत्या. नवरा सकाळी जायचा तो रात्री जेवायच्या वेळी यायचा, जेवायचा आणि झोपायचा. त्याचा काही दोष नव्हता, पण दुपारी तीन वाजता फ्लॅटमध्ये कुकर सोडून दुसरा कुणी आवाज करत नाही, हे मला तिथं गेल्यावर कळलं. परळला भांडायला तरी माणसं होती. म्हणून मुलीला, सईला, कराटेला घातलं. तिच्यासाठी घातलं असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं तर तिला नेण्या-आणण्याच्या निमित्तानं मला बाहेर पडता यायचं.

पहिल्या दिवशी बाकी आयांसारखी मी कट्ट्यावर बसले. सर आले. अंगात कराटेचा पोशाख, पण निळीत इतका बुडवून काढलेला की पांढऱ्याचा आकाशी झालेला. कमरेला पट्टा नाही. काळा पट्टा बाहेर सायकलच्या कॅरिअरवर होता, त्यानं केळफुलांची जुडी बांधली होती.

"सर, पट्टा कमरेला नाही बांधत?" कुणीतरी विचारलं.

"कंबर कुठं पळून चाललीय? केळफुलं पडतात." असं म्हणून ते आमच्याकडे वळले. "आणि तुम्ही बसून काय करता? हात मोकळे आहेत ना? उठा. धरा."

अशी त्या क्लासची रीत होती. मुलं मारणार, आयाबाप फळी धरणार. इतर क्लासांत दोन सिमेंटचे ठोकळे ठेवून त्यांवर फळ्या रचतात आणि वरून हाणतात. सरांना ते मंजूर नव्हतं. "ठोकळा भीत नाही," ते म्हणायचे. "त्याच्यापुढं मर्दुमकी कसली? माणसाच्या हातातली फोडा. तुम्ही चुकलात तर त्यालाही लागेल आणि तो हलला तर तुम्हालाही." पुष्कळ आया त्या आठवड्यातच कट्टा सोडून बाजारात जायला लागल्या. मी राहिले.

माझी पहिली फळी आठवतेय. समोर सईच्याच वर्गातली एक गुबगुबीत मुलगी होती. तिनं आरोळी ठोकून लाथ मारली आणि मी डोळे मिटून हात मागे घेतले. फळी फुटली नाही. मुलगी पाय धरून खाली बसली. जरा लाल झालं होतं, बर्फ लावल्यावर उड्या मारत घरी गेली. पण सर मला म्हणाले, "सईची आई, तिला लागलं ते तुमच्यामुळं. मारणारे पैशाला पासरी मिळतात. धरणारा मिळत नाही." मला इतका राग आला की परत यायचंच नाही असं ठरवून मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी चार वाजता तिथं हजर होते.

मग त्यांनी मला धरायला शिकवलं. डावा पाय पुढं, कोपरं सरळ, तळव्याचा खालचा भाग फळीच्या कडेमागं, बोटं वाटेतून बाजूला. आणि डोळे उघडे. "मारणारा तुमच्याकडे बघतो. तुम्ही डोळे मिटले की त्याला वाटतं, आपण काहीतरी वाईट करतोय." एक फळी, मग दोन, मग तीन. लोक मध्ये पेन्सिलीचे तुकडे ठेवून फटी सोडतात, त्यानं काम सोपं होतं. सरांना त्याचा तिटकारा. "फट ठेवून पाच फोडणं म्हणजे एक फळी पाच वेळा फोडणं." त्यांच्याकडे फळीला फळी चिकटून असायची. अशा तीन फळ्यांवर मोठ्या मुलाचा गुद्दा बसला की तो माझ्या खांद्यापर्यंत यायचा. फुटल्या की हातातलं वजन एकदम नाहीसं व्हायचं आणि मी आणि समोरचा मुलगा, दोघंही वेड्यासारखे हसायचो. लग्नानंतर इतकी मोकळी मी कुठंच हसले नव्हते, हे सांगायला आता मला लाज वाटत नाही.

रचण्याआधी प्रत्येक फळी हातावर तोलायची, हेही त्यांचंच. दोन्ही तळव्यांवर घेऊन जराशी उडवायची. "ओली फळी जड लागते. वाकते, फुटत नाही. मारणाऱ्याला ते हात मोडल्यावर कळतं. धरणाऱ्याला आधी कळतं." महिन्याभरात मला डोळे मिटून ओली-सुकी ओळखता यायला लागली. ते माझी परीक्षा घ्यायचे, मी बरोबर सांगितलं की "शाब्बास" म्हणून केळफूल द्यायचे. घरी भाजी ठरलेली.

प्लायवूडचा किस्सा सांगितल्याशिवाय मात्र पुढं जाववत नाही. बोळिंजला नवीन फ्लॅट घेतलेले एक बँकेतले गृहस्थ होते, त्यांचा मुलगा क्लासला यायचा. घरात फर्निचरचं काम निघालं होतं. उरलेल्या तुकड्यांतून त्यांनी सुताराकडून अगदी मापात फळ्या कापून आणल्या. एका बाजूला सनमायका, त्यावर सागवानाचं चित्र. "सर, क्लासला भेट." सरांनी फळी उलटसुलट पाहिली आणि अगदी आदरानं त्यांनाच म्हणाले, "उद्घाटन तुम्ही करा." गृहस्थांनी शर्टाची बाही वर केली. मी धरली होती. जे व्हायचं ते झालं. पुढचे काही दिवस त्यांना बँकेत डाव्या हातानं सही करावी लागली म्हणे.

"साहेब, प्लायवूड म्हणजे एकत्र कुटुंब," सर त्यांच्या हातावर तेल चोळत म्हणाले. "एक थर उभा, एक आडवा. कुणाचं कुणाशी पटत नाही, पण मधला गोंद भारी. म्हणून फुटत नाही."

सगळे हसले. सरही हसले, आणि हसता हसता त्यांची नजर वर गेली. "आमचा गोंद कच्चा निघाला," ते म्हणाले.

वर म्हणजे समोरच्या बिल्डिंगकडे. वाडीच्या अर्ध्या भागावर ती उभी होती. तिच्या तिसऱ्या मजल्यावर, बरोबर शेडच्या समोरच्या खिडकीत, सरांचे धाकटे भाऊ राहायचे. वाटणी झाल्यावर त्यांनी आपला हिस्सा बिल्डरला दिला आणि बदल्यात तो फ्लॅट घेतला. क्लास सुरू झाला की खिडकीचा पडदा ओढला जायचा. पण पूर्ण कधी ओढला जात नसे.

सरांचा उजवा हात मोडका होता. मधल्या दोन बोटांचे सांधे आत दबलेले, हात मिटला की मूठ वाकडी दिसायची. त्याची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती आणि सरांनीच ती सांगितलेली होती. दोघं भाऊ एकत्र शिकले. मोठा मारायचा, धाकटा फळ्या रचायचा आणि धरायचा. गावच्या जत्रेत सगळ्यांसमोर पाच फळ्या फोडायचं ठरलं. एका बाजूला धाकटा, दुसऱ्या बाजूला एक मित्र, जो पुढं आखाती देशात गेला तो तिकडचाच झाला. ऐन वेळी धाकटा घाबरला, हलला. फळ्या फुटल्या नाहीत, हात फुटला. "भितो माणूस," सर एवढंच म्हणायचे. "त्यात काय." त्यानंतर त्यांनी एकही फळी फोडली नाही. गावानं धाकट्याला भित्रा ठरवलं, आणि त्यानं सरांशी बोलणं टाकलं.

उशाच्या पाच फळ्या त्याच होत्या, त्या दिवशी न फुटलेल्या. दर दसऱ्याला सर त्या बाहेर काढायचे, शेडसमोर पाटावर मांडायचे, झेंडूची फुलं वाहायचे. मग निळसर पोशाख झटकून वाडीच्या मधोमध उभे राहायचे आणि वर बघून एकदाच हाक मारायचे. घरातल्या त्यांच्या बोलीत मारायचे. ती बोली मला लिहिता येणार नाही, पण अर्थ एवढाच, की येतोस का रे, धरायला. मग वाट पाहायचे. आम्ही आपटाबिपटा घेऊन मागं उभे. पडदा हलायचा नाही. बऱ्याच वेळानं सर म्हणायचे, "जेवायला बसला असेल," आणि फळ्या परत उशाला जायच्या.

एका दसऱ्याला मला राहवलं नाही. "सर, मी आहे, एका बाजूला मी धरते. दुसऱ्या बाजूला कुणी ना कुणी मिळेल."

"एक बाजू तुमची," ते म्हणाले. "कबूल. दुसरी त्याची आहे."

सई दहावीत गेली, कराटे सुटलं, ट्यूशन लागली. मी जातच राहिले. शेजारणी विचारायच्या, "मुलगी तर येत नाही, मग तुम्ही कशाला जाता?" नवरा विचारायचा, "फळी धरून मिळतं काय?" मी म्हणायचे, "दुसऱ्याची फुटते." तो डोक्याला हात लावायचा. त्याला कसं सांगणार, की दिवसभरात त्या एका जागी माझी कुणाला तरी गरज होती. सर मला शेवटपर्यंत सईची आईच म्हणाले. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही आणि मला ते कधी खटकलं नाही.

पुढं बाजारात आरशांचा, पंख्यांचा एक क्लास निघाला. तिथं बर्फाच्या लाद्या फोडायचे, आग लावलेली कौलं फोडायचे, फोटो निघायचे. सरांची मुलं एकेक करून तिकडं गेली. सर कुणाला काही बोलले नाहीत. फक्त पलंग लांबत गेला, कारण फळ्या फुटेनात. शेवटी शेवटी तो इतका लांब झाला की त्यावर दोन माणसं झोपली असती. "आता पाय पसरायला मिळतात," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं त्यावर हसलो. ते हसणं काही खरं नव्हतं.

कित्येक संध्याकाळी क्लासला मी आणि सर एवढेच असायचो. मग ते म्हणायचे, "धरा एक." मी धरायचे. ते समोर उभे राहायचे, मूठ सावकाश फळीपर्यंत आणायचे, टेकवायचे, मागं घ्यायचे. पुन्हा आणायचे, पुन्हा टेकवायचे. मारायचे नाहीत. त्या वाकड्या मुठीचा भार लाकडातून माझ्या तळव्याला लागायचा. दिवसभरात मला झालेला माणसाचा स्पर्श बहुधा तेवढाच असायचा, आणि त्यांनाही. मग ते वाकून नमस्कार करायचे, मी करायचे, आणि आम्ही फळ्या आत घ्यायचो.

एका पावसाळ्यात त्यांना ताप आला आणि तो उतरलाच नाही. दवाखान्यात मी भेटायला गेले तर पहिला प्रश्न, "फळ्या?"

"चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवल्यात. सुक्या आहेत."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाले, "दसरा चुकला तर..." मी म्हटलं, "भावाला निरोप देऊ का?" ते म्हणाले, "नको. निरोपानं आला तर काय उपयोग? त्याला त्याचं काय ते हांगायचं असेल, तर तो येईल." तापात त्यांची घरची बोली मध्येच वर यायची, सांगायचंचं हांगायचं व्हायचं. मला वाटलं, माफी मागायचं म्हणत असावेत, घाबरल्याबद्दल.

आठवडाभरात ते गेले. अग्नी धाकट्या भावानंच दिला. दुसरं होतंच कोण? मी लांब उभी होते. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही.

शेड पाडायची बोलणी सुरू झाली. पण ती पडेपर्यंत मी रोज जात होते आणि फळ्या उन्हात टाकत होते. का, ते विचारू नका. दसऱ्याच्या दिवशीही गेले. पाचही फळ्या पाटावर मांडल्या, झेंडू वाहिला आणि कट्ट्यावर बसून राहिले. वाडीत कुणी नव्हतं. कट्ट्यावर बसलेली मी एकटी, पहिल्या दिवशी होते तिथंच.

पावलं वाजली. धाकटे भाऊ होते. सरांसारखाच चेहरा, फक्त पोट सुटलेलं, पायांत घरातल्या चपला.

"आज कुनी हाक नाय मारली," ते म्हणाले.

ते पाटाजवळ बसले. फुलं बाजूला करून त्यांनी वरची फळी उचलली, दोन्ही तळव्यांवर घेतली आणि जराशी उडवली. अगदी तसंच. "सुकी हाय," ते म्हणाले.

"रोज उन्हात टाकते."

त्यांनी दुसरी उचलली, तिसरी उचलली. तिसरी तशीच हातात राहिली. "तवा ही ओली व्हती. मधली. एक कमी पडली म्हनून त्यानं घाईनं वखारीतनं आनलेली. रचताना हातात घेतली तवाच मना समजलं."

मी विचारलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"सकाळी वाडीवरनं भांडन झालेलं. मना चार लोकांसमोर नाय नाय ते बोललेला. मनात म्हटलं, मार. आज मार जोरात." ते फळीकडे बघतच बोलत होते. "तुमाला काय हांगितलेलं त्यानं?"

"धरणारा घाबरला म्हणाले. हलला."

"मी हललो नाय." त्यांचा आवाज फाटला. "दगडासारखा उभा राहिलो. हललो असतो तर त्याचा हात वाचला असता, बाई."

मला माझी पहिली फळी आठवली. मी हलले होते आणि त्या मुलीचा पाय नुसता लाल झाला होता. हात मोडायला समोर न हलणारा माणूस लागतो, हे मला इतकी वर्षं धरून कळायला हवं होतं. धरणाऱ्याला आधी कळतं, हे सरांनीच मला शिकवलं होतं. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक असूनच त्यांनी गावाला सांगितलं, की माझा भाऊ घाबरला. घाबरलेल्या माणसाला लोक हसतात आणि विसरतात.

"सगळा गाव मना भित्रा म्हनायचा," ते म्हणाले. "मी म्हनू दिलं. तेच बरं व्हतं. वर खिडकीत बसून दरसाल त्याची हाक ऐकायची, आनि खाली यायला पाय नाय उचलायचा. खाली आलो तर हे हांगावं लागलं असतं."

ते रडतील असं मला वाटलं. ते रडले नाहीत. त्यांनी पाची फळ्या एकावर एक रचल्या, कडा तळव्यांनी ठोकून सारख्या केल्या, मध्ये कुठं फट राहिली नाही ना ते पाहिलं. मग त्या उचलून उभे राहिले आणि एक बाजू माझ्याकडे केली.

"धरा."

मी उठून माझी बाजू धरली. डावा पाय पुढं, कोपरं सरळ, डोळे उघडे. त्यांनीही तसंच केलं, इतक्या वर्षांनी काही विसरले नव्हते. पाटावरचा झेंडू वाऱ्यानं इकडे तिकडे झाला. समोर, सर उभे राहायचे त्या जागी, कुणी नव्हतं. पाच फळ्यांचा भार हळूहळू खांद्याला लागायला लागला. बराच वेळ झाला, तरी आम्ही दोघंही हललो नाही.